‘सहमत’ दाबण्याआधी

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कीटकशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. पावसाळ्यात बाल्कनीत पांढरी चादर टांगतो, दिवा लावतो आणि येतील त्या पतंगांचे फोटो आयनॅचरलिस्टवर टाकतो. त्यामुळे पुढची तक्रार बाहेरच्याची नाही. गुन्ह्यात मीही सामील आहे.

फोटो टाकला की यंत्र नाव सुचवतं, आपण ते निवडतो. दुसरा कुणी येऊन ‘सहमत’ दाबतो. ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिकांचं एकमत झालं की नोंद ‘संशोधन दर्जा’ची होते, आणि त्याला दोन माणसं पुरतात. परवाना खुला असेल तर ती जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यात जाते, तिथून अभ्यासकांच्या नकाशांत.

आता सांगा, पहिलं नाव यंत्राचं, दुसरं पहिल्यावर विश्वास ठेवणाऱ्याचं. मग पतंग बघितला कुणी? आमच्या धंद्यात कोड न वाचता मंजुरी देणारे असतात. त्यांच्या कृपेने रात्री दोनला फोन येतो. इथे फोनही येत नाही. उलट चुकीची नोंद पुढच्या मॉडेलच्या शिकवणीत जाते.

भारतात पतंगांच्या १०,०००हून अधिक प्रजाती आहेत. यंत्र शिकतं ते पुरेसे फोटो असलेल्यांवर. ज्याचे फोटोच नाहीत, त्याला शेजाऱ्याचं नाव चिकटतं.

एका तपकिरी पतंगाला मी दहा सेकंदांत ‘हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा’, म्हणजे आपल्या घाटेअळीचा पतंग, ठरवून टाकलं. कुणीतरी विचारलं, ‘कशावरून?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. हेलिकोव्हर्पा असल्टा त्याच्यासारखाच दिसतो. खात्रीसाठी जननेंद्रियं तपासावी लागतात. मी मुकाट्याने ‘हेलिकोव्हर्पा’वर थांबलो.

हा हौशी लोकांचा कीस नाही. २०१८मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात मक्यावर सापडली, त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. डोक्यावर उलटा ‘वाय’, शेपटीकडच्या आठव्या वलयावर चौकोनात चार काळे ठिपके: ही खूण शेतकरी बांधावर उभ्या उभ्या तपासू शकतो. ‘कशावरून’चं उत्तर असलेलं नाव असं उपयोगी पडतं. उत्तर नसलेल्या नावावर फवारणी केली, तर पैसे आणि पीक दोन्ही जातात.

‘मग आम्ही नावं द्यायचीच नाहीत का?’ द्या की! हॅम्पसनचे १८९२ ते १८९६मधले पतंगांवरचे चार खंड आज फुकट वाचता येतात. ‘मॉथ्स ऑफ इंडिया’वर फोटो आहेत. तुलना करायला इतकं साहित्य हाताशी असताना नुसतं बटण दाबणं हा निव्वळ आळस आहे.

माझी मागणी साधी आहे. ‘सहमत’सोबत एक ओळ लिहा: पंखावरची कुठली रेघ, कुठला ठिपका. लिहिता येत नसेल, तर वंशावर किंवा कुळावर थांबा. ‘प्रजाती ठरत नाही’ हीसुद्धा नोंदच आहे, आणि खोट्या नावापेक्षा ती कितीतरी बरी.