“हवं तेवढं बरोबर ऐकू येतं!”

दवाखान्यात हे वाक्य मी वारंवार ऐकतो. मुलगा किंवा सून हसत सांगते, “डॉक्टर, बाबांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं!” बाबाही ओशाळून हसतात. मला मात्र हा विनोद आता खटकतो.

वयोमानाने कान कमजोर होतो तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येतात. स, श, फ, त, ठ ही व्यंजनं बारीक आवाजाची, ती निसटतात. शब्दाचा अर्थ तर व्यंजनांवर उभा असतो. म्हणून दार वाजलेलं कळतं, पण “सात” म्हटलं की “आठ” हे समजत नाही. त्यात टीव्ही किंवा मिक्सर चालू असेल तर संपलंच. हा हट्ट नाही, आजार आहे.

मग आपण ओरडतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच पुसट राहतात. वर आपला चेहरा रागावलेला दिसतो. म्हातारा माणूस हळूहळू बोलणंच सोडतो. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ च्या अहवालातही बहिरेपणाला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरलं आहे.

आम्ही डॉक्टरही कमी नाही. पेशंट समोर बसलेला असतो आणि आम्ही गोळ्या मुलाला समजावतो. मीही हे केलं आहे. आता समोर बसून, सावकाश सांगतो आणि पेशंटकडूनच परत वदवून घेतो.

चाळिशीचा चष्मा आपण लाजत नाही, मग कानाच्या मशीनची लाज का? आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्या. कधी नुसता मळ निघतो. कानात तेल, काडी घालू नका. ऑडिओमेट्री करा, ती दुखत नाही. मशीन घेतलं तर मेंदूला सवय व्हायला काही आठवडे द्या. चार दिवसांत कपाटात टाकू नका. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे उशीर महाग पडतो.

तोवर एवढं करा: टीव्ही बंद करा, समोर या, सावकाश बोला. आणि तो विनोद थांबवा.