विश्लेषण : फोटोंच्या हार्ड डिस्कवर चुकून दुसरेच काही लिहिले गेले, फोटो परत मिळतात का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. जुन्या संगणकावर विंडोज ११ किंवा लिनक्स टाकायचे तर आधी बूटेबल पेनड्राइव्ह बनवावा लागतो. नेमकी त्याच वेळी फोटोंची एक्स्टर्नल हार्ड डिस्कही जोडलेली असते, यादीत चुकीच्या नावावर क्लिक होते आणि लग्नाचे, बारशाचे, आता हयात नसलेल्या आईवडिलांचे फोटो असलेल्या डिस्कवर इन्स्टॉलर जाऊन बसतो. सगळे गेले, असे वाटते. बहुतेकदा सगळे गेलेले नसते.

नेमके काय पुसले जाते?

इन्स्टॉलर साधारण ५ ते ६ जीबीचा असतो. १ टीबीच्या डिस्कवर तो एक टक्काही जागा व्यापत नाही. मायक्रोसॉफ्टचे टूल वापरले असेल तर डिस्क अचानक ३२ जीबीचीच दिसू लागते आणि माणूस हबकतो. पण उरलेल्या जागेत काही लिहिलेलेच नसते. तिची नोंद तेवढी गेलेली असते.

घाव बसतो तो सुरुवातीच्या भागावर. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत फाइलची नावे, फोल्डर आणि कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही साधारणपणे सुरुवातीपासून ३ जीबीच्या आसपास असते. म्हणजे इन्स्टॉलरच्या वाटेतच. सातबारा फाटला म्हणून जमीन नाहीशी होत नाही, तसेच हे.

मग फोटो सापडतात कसे?

प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक खुणेने होते. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर नोंदवहीकडे न पाहता अख्खी डिस्क वाचत जाते आणि ती खूण दिसली की तिथून फोटो उचलते. ‘गणपती २०१४’ हे फोल्डर मात्र परत येत नाही. हाती येतात आकड्यांच्या नावांच्या हजारो फाइल, त्यात ब्राउझरने साठवलेली फुटकळ चित्रेही. दिलासा इतकाच, की कॅमेऱ्याने फोटोतच तारीख लिहिलेली असते. तिच्यावरून वर्षवार लावता येतात. तुकड्यांत साठवलेल्या फाइल, विशेषतः मोठे व्हिडीओ, अर्धवटच निघतात.

प्रत्यक्ष ओव्हरराइट झालेल्या भागाचे काय?

तो गेला. डेटा ३५ वेळा पुसावा लागतो ही समजूत पीटर गटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून पसरली. तो त्या काळच्या डिस्कविषयी होता. आजच्या हार्ड डिस्कवर एकदा लिहिले तरी जुने वाचता येत नाही. तेव्हा ‘ओव्हरराइट झालेलेही १०० टक्के परत देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नयेत. क्विक फॉरमॅट फक्त नोंदी बदलतो. फुल फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहितो. तो पूर्ण झाला असेल तर आशा नाही.

एसएसडी आणि फोनमध्ये?

इथे परिस्थिती कठीण. ‘ट्रिम’ या आज्ञेमुळे एसएसडी मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करून टाकते, अनेकदा काही क्षणांत. फोनमध्ये डेटा एन्क्रिप्टही असतो. त्यामुळे फोनवर रिकव्हरी ॲपमागे धावण्याआधी ट्रॅश पाहावा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले फोटो तिथे ६० दिवस, इतर ३० दिवस राहतात. आयफोनमध्ये मुदत ३० दिवसांची.

लगेच काय करावे?

डिस्क काढून ठेवावी. विंडोजने ‘फॉरमॅट करायचे का’ विचारले तर नाही म्हणावे, चेकडिस्क चालवू नये. तितक्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर आधी संपूर्ण प्रतिमा उतरवावी आणि शोध त्या प्रतीवरच घ्यावा. सापडलेले फोटो त्याच डिस्कवर साठवणे ही सर्वात महागात पडणारी चूक. अजून शाबूत असलेल्या फोटोंवर ते जाऊन बसतात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर घरी प्रयोग न करता ती तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे द्यावी. आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच दिवशी विचारावे. तिथले फोटो लहान केलेले असतात, पण मूळ सापडलाच नाही तर तेवढी एक प्रत कुणाच्या तरी फोनमध्ये असू शकते.