सिनडला पत्र : पुढच्या साथीआधी एवढं लिहून ठेवा

मा. मॉडरेटरसाहेब आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या सिनडचे सर्व सभासद यांना,



२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या आणि आपली मंडळी जन्माला आली. त्या घटनेला पन्नास वर्षं झाली, तो दिवसही रविवारच होता, आगमनकाळाचा पहिला. पण साल होतं २०२०, करोनाच्या साथीचं. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, उघडली होती. म्हणजे सुवर्णमहोत्सव आला तेव्हा दारं उघडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. पुढच्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेलाच उघडली. आता सगळे म्हणतात, झालं गेलं सोडा. मला सोडवत नाही. साथ पुन्हा येईल, आणि त्या वेळी ‘मंडळी एक आहे’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे आधी ठरलेलं बरं.

केंद्राने ८ जून २०२० पासून प्रार्थनास्थळं उघडायला मुभा दिली, पण शेवटचा शब्द राज्यांचा होता. दिल्लीच्या मंडळीला जूनमध्ये दार उघडता आलं, नगरच्या मंडळीला पाच महिने थांबावं लागलं. सिनड एक, विश्वासांगीकार एक, आणि रविवार मात्र ज्याच्या त्याच्या सरकारने ठरवलेला. इकडे देवळं उघडा म्हणून आंदोलनं झाली, राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांची पत्रापत्री गाजली. त्या गदारोळात ख्रिस्ती माणसाने कुठे उभं राहायचं? मला वाटतं, याचं उत्तर आपल्या घरात सव्वाशे वर्षांपासून पडून आहे.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता आणि मध्य भारतातल्या दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी मुली आणल्या होत्या. प्लेगच्या नियमांमुळे एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. रमाबाईंनी नियमाशी भांडण काढलं नाही; मुलींना घेऊन त्या केडगावच्या शेतावर गेल्या, आणि तिथे मुक्तिसदन उभं राहिलं. पण त्याच साली प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी आबाळ चालली होती, तिच्याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहून गव्हर्नर सँडहर्स्टच्या सरकारला जाब विचारला. प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. नियम पाळायचा आणि नियम राबवणाऱ्याला प्रश्नही विचारायचा, हे एकाच बाईने एकाच वर्षात केलं. २०२० मध्ये आपल्यातल्या बऱ्याच जणांना यातलं एकच काहीतरी जमलं. काहींनी बंदीलाच छळ म्हटलं, काहींनी मान खाली घालून सगळं सोसलं.

बंदी अनाठायी होती असं मी म्हणणार नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची तालीम झाली. ६१ जण जमले होते, त्यांतले ५३ आजारी पडले आणि दोघे दगावले. आपली उपासना तरी दुसरी काय आहे? कवी ना. वा. टिळकांची भजनं दाटीवाटीने बसून, टाळ-पेटीवर, गळा मोकळा सोडून गायची. जे आपलं बळ, तेच त्या रोगाचं वाहन होतं. १५२७ च्या प्लेगात विटेनबर्ग न सोडलेल्या ल्यूथरनेसुद्धा ब्रेस्लाऊच्या पाळकांना लिहिलं होतं की ज्याच्यावर आजाऱ्यांची जबाबदारी आहे त्याने राहावं, औषध घ्यावं, आणि गरज नाही तिथे जाऊन रोग पसरवू नये. ल्यूथरचं ते पत्र पाळकांच्या शिबिरात वाचायला हवं.

न जमण्याबद्दल माझी तक्रार नाही. न जमता एक राहायचं कसं, हे आपण ठरवलं नाही. उपासना मोबाइलवर गेली आणि मंडळी दोन भागांत वाटली गेली: नेट असलेली आणि नसलेली. ज्या गावात पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, तिथल्या म्हातारीला झावळ्यांचा रविवार आला कधी आणि गेला कधी, कळलंही नाही. ज्यांच्याकडे फोन होता त्यांना शहरातल्या गोड आवाजाच्या उपदेशकांची चटक लागली. दार उघडल्यावर वर्गणी परत आली, सगळी माणसं नाही.

मग प्रभुभोजन. जगभरच्या मंडळ्यांत तीन तऱ्हा दिसल्या. कुणी पडद्यासमोर आपापल्या घरी भाकर मोडली. कुणी एकत्र येईपर्यंत प्रभुभोजनच घेतलं नाही. इंग्लंडच्या चर्चने दारं उघडल्यावर सामाईक प्याला बाजूला ठेवून नुसती भाकर दिली. आपल्यात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट असे सगळे वारसे नांदतात. एका वारशाला आचार्यांच्या हाताशिवाय भोजन होत नाही, दुसऱ्याला जमलेली मंडळी महत्त्वाची वाटते. मतभेद होणारच. पण याहून अवघड गाठ आपण १९७० मध्ये सोडवली आहे. बालकाचा बाप्तिस्मा मानणारे आणि विश्वास पत्करलेल्या प्रौढाचाच मानणारे एका छताखाली आले, दोन्ही रीती घटनेत लिहिल्या गेल्या, कुणालाही कमी लेखलं नाही. बाप्तिस्म्याला जे जमलं ते भोजनाला का जमू नये?

माझं मत विचाराल तर पडद्यासमोरची भाकर मला पटत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला एकमेकांसाठी थांबायला सांगितलं होतं. सगळ्यांनी मिळून उपाशी राहणं हेसुद्धा एक प्रकारचं एकत्र जेवण आहे. पण मला त्याहून चांगला वाटणारा तोडगा असा: पाळकाने आशीर्वाद दिलेली भाकर पंचांनी, महिला संघाच्या बायकांनी घरोघर, ओट्यापर्यंत न्यावी. रेशन तसंच पोचवत होतो की.

ऐक्याचं म्हणाल तर १९७० मध्ये अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी मागे फिरले, आणि ब्रदरन मंडळीच्या गुजरातेतल्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कागदावरची एकी किती ताणली जाते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून साथीच्या काळासाठी कागद वेगळा हवा, आणि तो दिल्लीत बसून लिहू नका. मराठवाडा, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, पुणे, मुंबई या धर्मप्रांतांतल्या गावच्या पंचांना विचारा, २०२० मध्ये रविवारी तुम्ही काय केलंत. कुणी अंगणात चार माणसांत उपासना चालवली, कुणी पाळकाचा संदेश फोनवर ऐकून शेजाऱ्याला सांगितला. ते आधी नोंदवा. मग घरची उपासना, भोजन, अंत्यविधी आणि पाळकाचा पगार, या चारांचे नियम करा, आणि मेथडिस्ट, मार थोमा, कॅथलिक शेजाऱ्यांना मसुदा दाखवा. कबरस्तानात जागा शोधताना कुणी कुणाची मंडळी विचारत नव्हतं.

सिनड दर तीन वर्षांनी भरतं. पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय मालमत्तेच्या विषयांच्या आधी घ्यावा, एवढी विनंती.

आपल्या मंडळीचा एक वर्गणीदार सभासद