जंतांचा उपद्रव आणि ऊसतोड कामगारांची मुले

पोटातील जंत म्हणजे केवळ पोटदुखी व अशक्तपणा, हा समज अपुरा होय. जंत शरीरात दीर्घकाळ टिकून राहण्यासाठी प्रतिकारशक्ती मंद करतात. त्यामुळे इतर रोगांशी झुंजण्याची व लसीचा पूर्ण लाभ घेण्याची क्षमताही घटू शकते. इथिओपियात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जंतनाशक औषध घेतलेल्यांत क्षयावरील बी. सी. जी. लसीला शरीराचा प्रतिसाद अधिक चांगला दिसला. सर्वच लसींबाबत असे आढळलेले नाही. तरीही जंतांकडे दुर्लक्ष करणे इष्ट नव्हे.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न विशेष बिकट आहे. दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. फडाजवळच्या कोपींवर शौचालयाची सोय क्वचितच असते. उघड्यावरील मलातून माती दूषित होते. अनवाणी पायांतून व मळक्या हातांतून जंत मुलांच्या शरीरात शिरतात. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन फेब्रुवारी व ऑगस्टमध्ये पाळला जातो. परंतु फेब्रुवारीत ही मुले गावी नसतात. ज्यांना गोळीची गरज अधिक, तीच वंचित राहतात.

याचा दोष पालकांच्या माथी मारणे न्याय्य नाही. ग्रामकार्यकर्त्यांनी टोळ्या निघण्यापूर्वी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांची यादी करावी, ऑगस्टची चुकलेली मात्रा मिळवून द्यावी, लसीकरणाचे कार्ड सोबत द्यावे आणि फडाच्या गावातील आरोग्य केंद्रास कळवावे. गोळी हा लसीला पर्याय नव्हे. गोळीसाठी लस लांबवू नये. मुले फडावर गेली, तर औषधानेही फडावर गेले पाहिजे.