भिलाटीकडे बोट

दोस्तांनो, आधी माझं सांगतो, मग इंग्रजाचं.

मी पाचोऱ्यात एका जिनिंगमध्ये कामाला. मागच्या हंगामात सरकीची दोन पोती कमी भरली. मुकादम म्हणाला, "रातले कोन व्हतं?" मी भिलाटीतल्या पोराकडे बोट केलं. पाहिलं काहीच नव्हतं. पोराला हाकललं. आठ दिवसांनी कळलं, मोजणीतच चूक होती. पोराला मात्र परत घेतलं नाही. माझ्या आज्याला महार म्हणून उंबऱ्याबाहेर उभं केलं, आणि माझं बोट पाटलाच्या बोटासारखं उठलं! हे बोट आलं कुठून?

१८१८. हे साल आपल्याला पाठ. कोरेगावला मीही जातो. त्याच साली खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला. पेशवाईसाठी भिल्लानेही रडायचं कारण नाही. तिच्या अमलात कोपरगावला भिल्लांना बोलावून कापलं, विहिरीत टाकलं. पण साहेबाने काय केलं? वर सातपुडा, खाली सातमाळा, त्यापलीकडे निजाम. ही त्याची सरहद्द. त्याने घाट अडवले, डोंगरात जाणारं धान्य तोडलं. आधी उपाशी मारलं. तरी भिल्ल वाकेना. मग १८२५ ला डाव बदलला. तीन भिल्ल एजन्स्या काढल्या, आपल्या बाजूची कन्नडला. नाईकांना पेन्शन, शेतीला तगाई. आणि धरणगावला आउट्रम साहेबाने भिल्ल पलटण उभी केली. बंदूक भिल्लाच्या हातात, नेमही भिल्लावर.

म्हणे साहेबाने भिल्लाला माणसात आणलं! मग खाज्या नाईक का उठला? कंपनीचा पगार खाऊन सेंधव्याचा घाट राखणारा माणूस १८५७ ला कंपनीवरच उलटला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला भिल्ल गोऱ्या फौजेशी लढले, मेले.

बंदुकीनंतर कागद आला. १८६५ आणि १८७८ चे जंगल कायदे. बापजाद्यांचं रान सरकारी झालं, लाकूड तोडणारा चोर झाला. १८७१ ला उत्तरेत गुन्हेगार जमाती कायदा आला, १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारध्याचं पोर पाळण्यातच गुन्हेगार. १९५२ ला तो कायदा गेला. शिक्का गेला नाही. तो शिक्का माझ्या बोटात होता.

आपलं तरी काय वेगळं झालं? गरज होती तोवर महार पलटणीत चालला. गरज सरली, भरती बंद. साहेब कुणाचाच सोयरा नव्हता. शाळेचं दार त्याने उघडलं हे खरं, पण म्हणून भिल्लाच्या पाठीवरचा वळ खोटा होत नाही.

बाबासाहेबांना हे कळत होतं. १९२८ ला मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली, तिचे ते सभासद होते. अस्पृश्य आणि आदिवासी, दोघांचं दुःख १९३० च्या एकाच अहवालात आलं. कागदावर आपण शेजारी बसलो. गावात कधी बसणार?

जयंतीची मिरवणूक भिलाटीच्या तोंडाशी येते नि वळते. का वळते? २००६ चा वनहक्क कायदा आहे, दाव्याचे अर्ज भरायचे असतात. आपल्यातली किती शिकलेली पोरं भिल्लाचा अर्ज लिहून द्यायला बसली? आपण भाषणात 'बहुजन' म्हणतो आणि चोरी झाली की भिलाटीत जातो.

मी त्या पोराच्या घरी गेलो. माफी मागायची होती. त्याच्या मायने आधी पाणी दिलं. मग एवढंच विचारलं, "त्याले काम भेटी का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आता मुकादमापुढे जाऊन सांगणार आहे, बोट माझं होतं. माझंही काम जाईल कदाचित. जाऊ दे.

दोस्तांनो, तुमचं बोट कुणाकडे आहे, ते आज बघा.

जय भीम.