रोबो जोडायला बरं जमतंय?

तर मंडळी, या शनिवारी एका प्रश्नाचा समाचार घ्यायचा आहे. दीर्घ थकव्याचा आजार असलेल्या प्रत्येकाला तो कधी ना कधी ऐकावा लागतो. माझ्या वाट्याला तो असा येतो: "काय गं, लग्नाला यायला व्हईना, अन् ते रोबो जोडायला बरं जमतंय?"

प्रश्न खवचट आहे, पण उत्तर देण्याजोगा आहे.

आधी रोबोंबद्दल. १९७९ साली जपानच्या टीव्हीवर 'गंडम' नावाची मालिका आली. त्यातला यंत्रमानव १८ मीटर उंच, आणि आत बसून माणूस तो चालवतो. १९८० मध्ये बंदाई कंपनीने त्याचं पहिलं प्लॅस्टिक किट काढलं, किंमत ३०० येन. प्रमाण १:१४४, म्हणजे तो १८ मीटरचा राक्षस टेबलावर साडेबारा सेंटिमीटरचा होतो. चौकटीला चिकटलेले भाग छोट्या कटरने कापायचे, घासायचे आणि एकमेकांत दाबून बसवायचे. आताच्या किटना गोंदही लागत नाही.

आता आजाराबद्दल. डॉक्टरी भाषेत एमई/सीएफएस. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली त्याची ओळख पटवायचे निकष मांडले. सहा महिन्यांहून जास्त टिकलेली, आधीची कामं अशक्य करणारी दमणूक. झोपूनही न जाणारा थकवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे श्रमानंतरचा बिघाड. शिवाय डोक्यात धुकं बसणं किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं, यांपैकी निदान एक. हे ठरवणारी एकही रक्ततपासणी अजून नाही. म्हणून आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर वगैरे तपासून बाकीची कारणं बाजूला काढावी लागतात.

आता गंमत बघा. हा बिघाड बहुतेक वेळा लगेच होत नाही. काही तासांनी येतो, कधी एक-दोन दिवसांनी. मांडवात चार तास उभी राहिले तर सगळ्यांना मी ठणठणीत दिसते. बिल परवा येतं, आणि परवा मला बघायला कोणी नसतं!

आता लग्न आणि रोबो शेजारी ठेवा. लग्नात उभं राहायचं, डीजे सोसायचा, पन्नास जणांशी बोलायचं, आणि मधेच पॉज करता येत नाही. रोबो पलंगावर बसून होतो. मी पंधरा मिनिटांचा टायमर लावते. चार भाग कापून झाले की डबा बंद. महिनाभर हात लावला नाही तरी एका हाताचा रोबो रुसत नाही. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर दर स्टेपला सेव्ह होणारं काम आहे हे. तेव्हा तो रोबो बघून "हिच्यात ताकद आहे" असा हिशेब मांडणाऱ्यांनी तो उलटा मांडावा. एवढ्या बारीक तुकड्यांत मोडणारं कामच फक्त माझ्या हातात उरलंय.

दुसरी फळी 'विज्ञान'वाल्यांची. "रोज थोडं थोडं वाढव, पाचशे पावलं जास्त चाल." हा सल्ला आकाशातून पडलेला नाही. २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या पेस नावाच्या ब्रिटिश अभ्यासाने टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायच्या व्यायामाला मोठं बळ दिलं. पण त्यातलं टेस्टिंग बघा. अभ्यासात घेताना पेशंटचा शारीरिक क्षमतेचा गुण १०० पैकी ६५ किंवा कमी हवा होता. 'बरा झाला' म्हणायची रेषा मूळ आराखड्यात ८५ होती, ती नंतर ६० वर आणली. म्हणजे ६५ ला आत आलेला माणूस ६० वर घसरला तरी त्या निकषावर पास! असा कोड मी रिव्ह्यूला टाकला तर टीम लीड मला दारात उभं करणार नाही. पेशंट लोकांनी वर्षानुवर्षं भांडून आकडे बाहेर काढायला लावले. शेवटी ब्रिटनच्या नाईस या संस्थेने २०२१ साली हा वाढता व्यायाम या आजारासाठी देऊ नये असं स्पष्ट लिहिलं, आणि आहे तेवढ्या शक्तीत दिवस बसवायला सांगितलं. व्यायाम वाईट असं मी म्हणत नाही. या आजाराला ते औषध लागू नाही, एवढंच.

आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यात तरी हे समजायला ब्रिटनला जायची गरज काय? तुळजापूरला आई भवानी नवरात्राच्या आधी भाद्रपदात पलंगावर निद्रेला जाते. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पौर्णिमेपर्यंत पुन्हा निद्रा, आणि त्या निद्रेचं नावच श्रमनिद्रा. युद्धाआधी विश्रांती, युद्धानंतर विश्रांती, दोन्ही पंचांगात ठरलेल्या. देवीला "एवढं काय झोपायचं?" असं विचारायची कोणाची छाती नाही. घरातल्या पोरीने दुपारी दार लावून घेतलं की मात्र ती आळशी. "लग्न झालं की होईल बरी" हे वर फुकट.

मी तशी सुखी आहे. घरून काम आहे, पगार चालू आहे, दार लावायला खोली आहे. याच जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, मजुरी टनावर, आणि एक दिवस पडून राहिलं की खाडा. त्यातल्या एखादीला हा आजार झाला तर तिला टायमर कोण लावू देणार? तिच्या आजाराला नावसुद्धा मिळणार नाही. कामचुकार हा शब्द तेवढा मिळेल. म्हणून हा खवचट प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या बाबतीत त्याने फक्त डोकं फिरतं, तिच्या बाबतीत तो शरीर मोडतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "जमत नाही" म्हणालं तर पुरावा मागू नका. "नंतर किती दिवस पडून राहावं लागेल?" एवढं विचारा, आणि येणारं उत्तर खरं माना.

असो. आजचा लिहिण्याचा कोटा संपला. डाव्या पायाचं काम बाकी आहे, ते जमेल तेव्हा.