मापाचेही माप घ्यावे

बांध हा भाऊबंदकीचा जुना विषय आहे. मिरज तालुक्यात कृष्णाकाठचे उसाचे रान असो वा पूर्वेकडील द्राक्षबाग असो, हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. बिनतारी साधनाने अंतर मोजले म्हणजे असा वाद आपोआप मिटेल, ही समजूत मात्र धोक्याची आहे.

रेडिओलहरींनी अंतर मोजण्याची कल्पना नवी नाही. दक्षिण आफ्रिकेतील वॅडली यांचे ‘टेल्युरोमीटर’ १९५७ साली वापरात आले. आजच्या तळहाताएवढ्या साधनांतही तत्त्व तेच आहे. एक संच लहर पाठवितो, दुसरा तिला उत्तर देतो आणि जाण्यायेण्याच्या काळावरून अंतर निघते. लहर सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर धावते. त्यामुळे एका दिशेच्या प्रवासकाळात सेकंदाच्या एक अब्जांशाची चूक झाली, तरी अंतरात सुमारे ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. २०० मीटर लांबीचा बांध तेवढा सरकला, तर ६० चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून अधिक जमीन हातची जाते.

शिवाय संचाच्या अंतर्भागात व अँटेनात लहरीला थोडा विलंब होतो. तो वजा केल्यावाचून खरे अंतर हाती येत नाही. म्हणून मोजणीपूर्वी मोकळ्या, सपाट जागी पोलादी फीत ताणून १०, ५० व १०० मीटरवर खुंट्या ठोकाव्यात. दोन्ही संच सारख्या उंचीवर धरून प्रत्येक अंतराची दहा मापे घ्यावीत व त्यांची सरासरी काढावी. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच आला, तर तो स्थिर विलंबाचा समजून प्रत्येक मापातून वजा करावा. अंतराबरोबर फरक वाढत गेला, तर त्या प्रमाणात दुरुस्ती करावी. एकाच ठिकाणची मापे वारंवार बदलू लागली, तर त्या साधनावर विसंबू नये.

उभ्या उसातून किंवा द्राक्षमांडवाच्या लोखंडी तारांजवळून घेतलेले माप विशेष संशयास्पद मानावे. लहर आपटून वळणाने आली, की अंतर वास्तवाहून अधिक दिसते. केवळ लहरीच्या जोरावरून अंतर सांगणारी साधने तर बांधाच्या कामी मुळीच घेऊ नयेत.

हद्द कायम करण्याची मोजणी भूमिअभिलेख खात्यामार्फत करावयाची असते. परंतु ठिबकाच्या नळ्या, लागवडीच्या ओळी, कुंपण यांसाठी गावात अशी साधने येणारच. तेव्हा प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या आवारात १०० मीटरची पक्की खूण दगडांनी रोवून ठेवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्याने दोन्ही शेजाऱ्यांदेखत साधन तिच्याशी ताडून पाहावे, आलेला फरक वहीत नोंदवावा आणि मगच शिवारात पाऊल टाकावे. या कामाला तासभर लागेल. कोर्टात वर्षे जातात.